वाडीची बाजू मांडायची कोणी? कातकरी वाडी आणि धनगरवाडा यांच्या हक्कांविषयी सल्ला हवा

जावळीतील शिक्षक

नमस्कार. मी जावळी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. आम्ही काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी मिळून गेली काही वर्षे ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन साजरा करतो. कार्यक्रमाचे स्वरूप ठरून गेले आहे. पटांगणात फलक लागतो, मुलांची नृत्ये होतात, एखादे व्याख्यान होते आणि शेवटी कातकरी वाडीतील दोघातिघांना शाल व श्रीफळ दिले जाते. यंदा निमंत्रण देण्यासाठी वाडीवर गेलो असता तेथील एका आजीने मला विचारले, "गुरुजी, शाल दरसाल देता, पण ती अंथरायची ती जागा कुणाच्या नावची?"

मी निरुत्तर झालो. वाडीतील सगळी घरे गावातील एका शेतकऱ्याच्या मालकी जमिनीत आहेत. सातबारा त्याच्या नावाचा आहे. त्याचे आजोबा होते तोवर कोणी काही बोलले नाही. आता मात्र रस्ता रुंद झाल्यापासून जमिनीला भाव आला आहे आणि 'वाडी हलवा' असे निरोप येऊ लागले आहेत. याच वाडीच्या वर, दोन तासांच्या चढावर, गवळी धनगरांचा एक वाडा आहे. तो वनखात्याच्या हद्दीत येतो. तेथे म्हशी आहेत, थोडी नाचणीची शेती आहे, परंतु रस्ता नाही आणि कोणाच्या नावावर एक गुंठाही नाही.

आमच्या गटात असे ठरत आहे की यंदा समारंभाला फाटा देऊन दोन्ही वस्त्यांच्या वतीने एकच निवेदन तयार करावे आणि ते जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. माझ्या मनात मात्र तीन शंका आहेत. एक म्हणजे, दोन्ही वस्त्यांना 'आदिवासी' म्हणून एकत्र मांडणे योग्य आहे का? दुसरी, कोणत्या कायद्याचा आधार घ्यावा? तिसरी मला सर्वांत अवघड वाटते: आम्ही, म्हणजे पगारदार, गावातले, बहुतेक मराठा कुटुंबांतील माणसे, या लोकांच्या वतीने बोलू लागलो तर त्यांचे बोलणे पुढे येईल की मागे पडेल? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त मंडळ अधिकारी

गुरुजी, आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर माझ्यापेक्षा योग्य माणसे देतील. पहिल्या दोन शंकांविषयी मी लिहितो, कारण महसूल खात्यात नोकरी केल्यामुळे अशी 'एकत्र' निवेदने कोठे जाऊन पडतात हे मी जवळून पाहिले आहे. एकच निवेदन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते दिल्यास त्यावर 'संबंधित विभागाकडे वर्ग' असा शेरा पडेल, आणि संबंधित विभाग दोन असल्यामुळे प्रत्येक जण ते दुसऱ्याचे समजेल.

कातकरी वाडीचा प्रश्न प्रथम घेऊ. ती मालकी जमिनीत आहे, म्हणून घराच्या जागेसाठी वनजमिनीवरील हक्क देणारा वनहक्क कायदा उपयोगाचा नाही. तेथे महसूल खात्याचाच रस्ता आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वाडी जेथे आहे तेथेच, किंवा जवळच्या शासकीय जमिनीवर, वाढीव गावठाण मागता येते. घरकुलाच्या योजना यानंतर येतात. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. देशभरात अशा ७५ जमाती आहेत आणि त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे बिरसा मुंडा यांच्या जयंतीदिनी, पंतप्रधान जनमन हे अभियान सुरू झाले. घर, पाणी, रस्ता, वीज, अंगणवाडी असे पुष्कळ काही त्यात आहे. पण पायाखालची जागा नावावर नसेल तर मंजूर घर बांधायचे कोठे, या प्रश्नावर फाइल अडते. आजींनी नेमके तेच विचारले आहे. त्या आमच्या खात्यात असत्या तर बरेच काम मार्गी लागले असते.

याच्या जोडीला जातीचे दाखले. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्यांच्या घरात शाळेत गेलेली ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्याकडे १९५० पूर्वीचा दाखला कोठून येणार? अशा वेळी गृहचौकशीची मागणी लेखी करावी. उपविभागीय अधिकाऱ्यांना ती करता येते. साताऱ्याचे काम पाहणारे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आंबेगाव तालुक्यात घोडेगावला आहे, हे लक्षात घेऊन एका फेरीत जास्तीत जास्त कुटुंबांचे कागद न्यावेत. मजुरी बुडवून कोणी तेथे चारदा जाणार नाही.

धनगरवाड्याचे प्रकरण वेगळे आहे. गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाहीत. धनगर समाज भटक्या जमातींच्या 'क' प्रवर्गात आहे. परंतु २००६ चा वनहक्क कायदा केवळ अनुसूचित जमातींसाठी नाही. त्याच्या नावातच 'इतर पारंपरिक वननिवासी' हे शब्द आहेत. फरक पुराव्याच्या भाराचा आहे. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य आणि वनावरील अवलंबन दाखवावे लागते. हिशेब केला तर डिसेंबर १९३० पर्यंत मागे जावे लागते. हे वाचून अनेक जण घाबरून दावाच करत नाहीत. म्हणून दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने स्पष्ट केले आहे की ७५ वर्षे ही वास्तव्याची आणि अवलंबनाची अट आहे, त्याच तुकड्यावर ७५ वर्षे नांगर फिरला पाहिजे असा तिचा अर्थ नाही. शिवाय नियम १३ मध्ये पुराव्यांचे जे प्रकार दिले आहेत त्यांत जुनी गॅझेटिअर, जनगणना, वनखात्याचे अभिलेख, घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ आणि दावेदार सोडून इतर वृद्धांचे लेखी जबाब, हे सर्व बसते. यांतील एकाहून अधिक पुरावे असले पाहिजेत, एवढेच नियम सांगतो. अमुकच कागद आणा, असा आग्रह दावे तपासणाऱ्या समितीला धरता येत नाही.

दावा प्रथम ग्रामसभेकडे, तेथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. फेटाळल्यास कारण लेखी मिळाले पाहिजे आणि ६० दिवसांत वर दाद मागता येते. तोंडी 'नामंजूर झाले' असे कोणी सांगितल्यास ते मान्य करू नये.

आणखी एक खुलासा करतो, कारण याविषयी गैरसमज फार आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणून पेसा कायद्याचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, हवाला आपल्या निवेदनात देऊ नये. वनहक्क कायदा मात्र सर्वत्र लागू आहे, अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानातसुद्धा.

वाडीवरचा पदवीधर

गुरुजी, मी कातकरी आहे. आपल्या वाडीचा नाही, शेजारच्या तालुक्यातला आहे. वरच्या काकांनी कायदा चांगला सांगितला. पण कायद्यात जिला सगळ्यात जास्त किंमत आहे ती ग्रामसभा आमच्या वाडीत भरते कधी, हे आधी पाहायला हवे.

दिवाळी झाली की आमची माणसे वीटभट्टीवर जातात. काही कोळशाच्या भट्टीवर, काही ऊसतोडीला. पाऊस तोंडावर आला की परत येतात. म्हणजे वर्षातले सहासात महिने वाडीत म्हातारी माणसे आणि कुत्री एवढीच असतात. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात आणि दाव्यावर ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी लागतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर गणपूर्ती कशी होणार? आमच्याकडे एकदा अशी सभा झाली आणि 'कातकरी समाज उदासीन आहे' असे इतिवृत्तात लिहिले गेले. आम्ही उदासीन नव्हतो, आम्ही भट्टीवर विटा थापत होतो. सभा आषाढ ते भाद्रपद या दिवसांत घ्या. तेव्हा वाडी भरलेली असते आणि कामही नसते.

उचलीचा, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांचा, विषय कोणी काढला नाही म्हणून काढतो. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीच्या लग्नाला भट्टीमालकाकडून उचल घेतली होती. ती फेडायला आई, वडील आणि मी असे तिघे चार हंगाम गेलो. दर हंगामाच्या शेवटी हिशेब मालकच करायचा आणि उचल थोडी शिल्लक राहायचीच. मी सातवीत तीनच महिने शाळेत होतो. वेठबिगारी पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे, त्यानुसार असे कर्ज आपोआप संपते आणि त्यासाठी जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्याही असतात, हे मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कळले. जागेचा दावा करणारा माणूस ज्याच्या उचलीत अडकला आहे तोच मालक गावात वजनदार असतो. मग सभेत हात वर कसा होणार? म्हणून जागेचा कागद आणि उचलीचा हिशेब हे दोन्ही एकाच वेळी धरावे लागतात, नाहीतर पहिला टिकत नाही.

नाचाविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. आम्हाला नाचायला आवडते. पण आमचा नाच रात्रीचा असतो, आमच्या अंगणात असतो आणि त्याला वेळेची मर्यादा नसते. शाळेत पाच मिनिटांत तो संपवावा लागतो, अंगावर कुठूनतरी आणलेली पाने बांधावी लागतात आणि आमचीच पोरे दुसऱ्या दिवशी वर्गात चिडवली जातात. वर्गात आमच्या बोलीतला एखादा शब्द तोंडातून गेला तरी हसतात. संस्कृती जपायची असेल तर त्या मुलांना चौथीपर्यंत आमच्या बोलीत दोन वाक्ये बोलू द्या, आणि ओढ्यात खेकडे कुठल्या दगडाखाली असतात याची माहिती त्यांच्याकडून घ्या. त्यात परिसर अभ्यासाचे दोन धडे होतील.

आपल्या तिसऱ्या शंकेविषयी: गुरुजी, आपण बोलू नका असे मी म्हणणार नाही. आम्हाला लिहिणारा माणूस हवाच आहे. फक्त जे लिहाल ते सभेत मोठ्याने वाचून दाखवा आणि कोणी 'असे नव्हे' म्हटले तर तेथेच खोडा. आमच्या वतीने दिलेली पाच निवेदने मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाही निवेदनात काय लिहिले होते हे वाडीतल्या कोणाला ठाऊक नव्हते. अंगठे मात्र सगळ्यांचे होते.

पाटणचा गवळी

मी गवळी धनगर आहे. आमचा वाडा कोयनेच्या वरच्या अंगाला आहे. आपण ज्या वाड्याविषयी लिहिले त्याची आणि आमची कथा फार वेगळी नसावी, म्हणून लिहितो.

कोयनेचे धरण झाले तेव्हा खालची गावे गेली. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यांना काही ना काही मिळाले, कोणी ठाण्याकडे गेले, कोणी रायगडाकडे. आमच्या वाडवडिलांच्या नावावर काहीच नव्हते, कारण आम्ही म्हशी घेऊन रानोमाळ राहणारे, कुमरी, म्हणजे फिरती शेती, करून नाचणी पिकवणारे लोक. आम्हाला पाण्याने खालून वर ढकलले. मग १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी असा चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. पाणी खालून आले आणि वाघ वरून आला, असे आमच्या आजोबांचे म्हणणे होते. त्यांनी वाघ एकदाच पाहिला होता आणि त्याच्याविषयी त्यांची काही तक्रार नव्हती.

७५ वर्षांच्या पुराव्याविषयी निवृत्त साहेबांनी जे सांगितले त्यात अनुभवाची भर घालतो. आमच्याकडे सातबारा नव्हता, पण चराईच्या जुन्या पावत्या होत्या. आजीने त्या तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या, कशासाठी ते तिलाही सांगता आले नसते. काही घरांत वनखात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या निघाल्या. ज्या कागदाने आमच्या माणसाला गुन्हेगार ठरवले, तोच कागद तो माणूस त्या साली त्या रानात होता हे सिद्ध करतो. वाड्यावर जाल तेव्हा प्रथम असे डबे उघडायला सांगा. मग देवाचे दगड, पाणवठे, सोडून दिलेल्या जुन्या वाड्यांचे चौथरे यांची छायाचित्रे घ्या. खालच्या गावांत जेथे आमचे दूध आणि तूप जात होते, तेथील वृद्ध शेतकऱ्यांचे जबाब घ्या. दावेदार सोडून इतरांचा जबाब चालतो, हे फार उपयोगी पडते.

आता एक कटू गोष्ट. धनगरांना अनुसूचित जमातीत घ्यावे की नाही, हा वाद राज्यभर चालू आहे आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्याविषयीच्या याचिका फेटाळल्या. माझे त्याविषयी मत आहे, पण ते येथे मांडत नाही. इतकेच सांगतो की तो वाद वाड्याच्या बैठकीत शिरला की रात्र त्यातच जाते आणि दाव्याचा नमुना कोराच राहतो. वनहक्कासाठी तो वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कातकरी भावाने मन मोकळे केले आहे तर मीही करतो. आमची आणि कातकऱ्यांची रानातली भांडणे जुनी आहेत. मधाच्या पोळ्यांवरून होतात, वणव्यावरून होतात, आमच्या म्हशी त्यांच्या कंदांच्या जागा तुडवतात त्यावरूनही होतात. त्यामुळे दोन्ही वस्त्यांचे एकच निवेदन कोणी तिसऱ्याने लिहून आणले तर आमच्याकडचे लोक सही करतील, पण मनातून नाही.

तरीही एक दावा असा आहे की तो एकत्रच करावा लागेल. घराचा आणि कसलेल्या जमिनीचा दावा ज्याचा त्याने करायचा, चार हेक्टरच्या मर्यादेत, आणि पट्टा नवराबायको दोघांच्या नावे मागायचा. परंतु मध, हिरडा, शिकेकाई, चराई, पाणवठ्यातले मासे आणि रान राखण्याचा हक्क हे सामूहिक आहेत. रान एकच असेल आणि गाव एकच असेल तर सामूहिक वनसंपत्तीचा दावा दोघांनी मिळून, भांडण मिटवून, करावा. नाहीतर उद्या दोघांपैकी एकालाच कागद मिळेल आणि दुसरा त्याच्या दारात उभा राहील.

आणि कोणी पुनर्वसनाची रक्कम घेऊन आले तर घाई करू नका. हक्कांची मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, असे वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिले आहे, आणि नंतरही ग्रामसभेची लेखी संमती लागते.

आटपाडीचा वाचक

चर्चा उत्तम चालली आहे. माझा अनुभव सांगली जिल्ह्यातील पारधी वस्त्यांमधला आहे, जंगलाचा नाही, म्हणून कायद्याविषयी बोलत नाही. गुरुजींच्या तिसऱ्या शंकेवर मात्र लिहावेसे वाटते.

'आदिवासी' या शब्दात काय बसते, हे सरकारी यादी ठरवते आणि ती यादी माणसांच्या जगण्याप्रमाणे आखलेली नाही. आमच्याकडे फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत आणि कैकाडी विमुक्त जातीत. विदर्भात गेले की तेच कैकाडी अनुसूचित जातीत. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही पहिली पालावर येते. संयुक्त राष्ट्रसंघाने १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला तेव्हा १४४ देशांनी बाजूने मत दिले आणि त्यांत भारत होता. मात्र आपल्याकडे सगळेच मूलनिवासी आहेत, अशी सरकारची भूमिका राहिली. तेव्हा गुरुजींनी फलकावर 'आदिवासी' लिहावे की नाही याचा फार विचार करू नये. कातकऱ्यांना कातकरी म्हणावे आणि गवळी धनगरांना गवळी धनगर, म्हणजे कोणाचा कागद कोणत्या टेबलावर जातो याचा गोंधळ होणार नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत या कामाची विशेष गरज आहे, कारण येथे या लोकांची संख्या फार थोडी आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जमाती नऊ टक्क्यांच्या वर होत्या. साताऱ्यात एक टक्क्याच्या आसपास आणि सांगलीत त्याहूनही कमी. विधानसभेच्या २५ राखीव जागांपैकी एकही या दोन जिल्ह्यांत नाही. नंदुरबारला किंवा गडचिरोलीला आमदाराला मते हवी असतात म्हणून तरी वाडीवर जावे लागते. येथे वाडीची सगळी मते मिळून एका ग्रामपंचायत सदस्याचाही निकाल फिरत नाही. म्हणूनच दावे तपासणाऱ्या, ग्रामसभेने नेमलेल्या वनहक्क समितीची तरतूद येथे मोलाची आहे: गावात अनुसूचित जमातीची माणसे असतील तर समितीत दोन तृतीयांश सभासद त्यांचेच असले पाहिजेत. समितीत दहा ते पंधरा माणसे असतात. ही तरतूद वाचून दाखवली की सभेत एकदम शांतता होते, असा अनुभव मला एका मित्राने सांगितला आहे.

बाहेरच्या माणसाने किती बोलावे, याचे मला पटलेले उत्तर गडचिरोलीतील मेंढा लेखा या गावाने दिले आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे गाव. तेथे दोन बैठका वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या तज्ज्ञानेही यावे, वाटेल ते मांडावे. ग्रामसभेत मात्र गावकरी बसतात आणि सर्वांच्या सहमतीने ठरते. 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची. गुरुजी, आपली जागा अभ्यासगटात आहे. तेथे मोकळेपणाने बोला, वादही घाला, आणि ग्रामसभेच्या वेळी बाहेर ओट्यावर बसा.

ओडिशातील नियमगिरीचेही असेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले की डोंगरावर खाण व्हावी की नाही हे ग्रामसभांपुढे ठेवा. पुढे बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ठिकाणी डोंगरिया कोंध आणि तेथील इतर लोकांनी नकार दिला. त्यांच्या बाजूने देशभर आणि देशाबाहेर पुष्कळ लोक बोलत होते, तरी कामाला आला तो त्या बारा सभांतील ठराव.

हे आपल्याला फार परके वाटू नये. आमची आटपाडी औंध संस्थानात होती आणि त्या संस्थानात १९३९ मध्ये गावांच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग झाला होता. साताऱ्यात १९४२ नंतर प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे चालवली. गावाने बसून ठरवायचे, ही सवय या मातीत होती. त्या बैठकींत कातकरी आणि धनगर कितपत बसवले गेले असतील, हा प्रश्न मात्र मी स्वतःला अनेकदा विचारतो.

जावळीतील शिक्षक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण त्या काळात दोन्ही वस्त्यांवर जाऊन आलो.

समारंभ रद्द केला. गटातील काहींना ते रुचले नाही. एका सहकाऱ्यांनी 'मग शालींचे काय करायचे' असे विचारले, कारण त्या आणून झाल्या होत्या. निवेदनाचे तीन स्वतंत्र कागद करायचे ठरले: वाडीसाठी गावठाणाची मागणी, वाड्यासाठी वैयक्तिक वनहक्काचे दावे, आणि रानाविषयीचा सामूहिक दावा दोघांचा मिळून. पहिल्या दोन कागदांचे काम सुरू झाले आहे. वाड्यावर एका घरात खरोखरच पत्र्याच्या डब्यातून चराईच्या पावत्या निघाल्या, त्यांतील सर्वांत जुनी १९३८ ची आहे. म्हणजे १९३० पर्यंतची आठ वर्षे वृद्धांच्या जबाबांवर आणि वंशावळीवर उभी करावी लागतील.

तिसऱ्या कागदाची बैठक वाडीतच, आजींच्या अंगणात झाली. वाड्यावरून सात माणसे उतरली होती. पहिला तासभर मधाच्या पोळ्यांवरूनच वाद झाला आणि मी, आटपाडीच्या वाचकांनी सांगितल्याप्रमाणे, अंतरावर बसून राहिलो. हे लिहायला सोपे आहे. शिक्षकाला गप्प बसणे किती जड जाते हे त्या दिवशी समजले. शेवटी ठरले ते असे की देवराईच्या वरचे पोळे धनगरांनी काढायचे नाही आणि खालच्या पाणवठ्यावर माघ ते वैशाख म्हशींना कोणी अडवायचे नाही. उचलीचा विषय निघाला तेव्हा दोन माणसे उठून गेली. त्यांच्यावर कोणाची उचल आहे हे सर्वांना ठाऊक होते. त्यांच्या घरी मी स्वतंत्रपणे जाणार आहे, पण घाई करणार नाही.

निवृत्त साहेबांना एक प्रश्न आहे. सामूहिक दाव्याला नकाशा लागतो, असे ग्रामसेवक म्हणतात, आणि मोजणी करून घ्यायची तर फी भरावी लागेल, शिवाय वनखाते आपल्या हद्दीत मोजणी होऊ देईल की नाही ही शंका आहे. मोजणीशिवाय दावा दाखल करता येतो का?

निवृत्त मंडळ अधिकारी

करता येतो. सामूहिक वनसंपत्तीचा दावा 'नमुना क' मध्ये भरायचा असतो. त्यात पारंपरिक सीमा दाखवणारा नकाशा मागितला आहे, पण तो मोजणीचा असला पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही. वनखात्याचा कक्ष क्रमांक माहीत असल्यास लिहावा, नसल्यास ती जागा कोरी ठेवावी. दोन्ही वस्त्यांतील जाणती माणसे बरोबर घेऊन सीमेवरून एकदा पायी फिरावे आणि ओढे, खिंडी, देवराई, पाणवठे, जुने चौथरे अशा ओळखीच्या खुणा कागदावर क्रमाने उतरवाव्यात. मधाविषयी जे ठरले तेही सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.

सीमेला लागून असलेल्या गावांची नावे नमुन्यात द्यावी लागतात. त्या गावांच्या ग्रामसभांना आधीच पत्र पाठवावे आणि त्याची पोच घ्यावी, नाहीतर पडताळणीच्या दिवशी शेजारचे गाव हरकत घेऊन उभे राहते. हे सर्व दसऱ्यापूर्वी उरकावे. एकदा भट्ट्या पेटल्या की गणपूर्तीला माणसे मिळणार नाहीत.